येणारं संकट आणि त्याकडे पाठ फिरवलेलं शहर: असा उपहासपट लिहायचा कसा?

तिसरी_घंटा

नव्वद पानांची पटकथा लिहायला घेतली आहे. पन्नास वर्षं जुनं मातीचं धरण, त्याच्या खाली चाळीस हजार वस्तीचं एक काल्पनिक शहर. धरणावर नेमलेल्या कनिष्ठ अभियंता बाईंच्या लक्षात येतं की पायथ्याशी झिरपणारं पाणी वाढतंय आणि गढूळ होतंय. नेमकी त्याच वेळी नगरपालिका धरणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या तयारीत आहे: भरावावर रोषणाई, जलाशयात नौकाविहार, मंत्र्यांचा दौरा. बाई सांगत राहतात, कुणी हलत नाही, धरण फुटतं.

प्रकार विनोदी हवा आहे, पण फार्स नको. अडचणी अशा आहेत. हसू नेमकं कशावर आणायचं, हे पक्कं होत नाहीये. मधल्या चाळीस पानांत इशारा, दुर्लक्ष, पुन्हा इशारा, पुन्हा दुर्लक्ष एवढंच चाललंय. धरणाचं तंत्र किती आणि कोणतं दाखवायचं? आणि शेवट: धरण फुटताना दाखवायचं की नाही, खर्च धरून? या प्रकारचे चित्रपट बारकाईने पाहिलेल्यांनी आणि धरणाचं काम जाणणाऱ्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

---

कात्री_डिंक

हसण्याचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीचे सगळे त्यावरच उभे आहेत.

धरणावर एकही विनोद नको. पाणी, भराव, खालची माणसं यांच्याशी खेळायचं नाही. हसू यायला हवं ते वेळ कसा घालवला जातो त्यावर. आणि वेळ घालवणाऱ्या प्रत्येकाकडे, त्याच्या खुर्चीत बसून पाहिलं तर, पटेल असं कारण हवं. मूर्ख नगराध्यक्ष दहा मिनिटं हसवतो. पुढे प्रेक्षक स्वतःला त्याच्याहून शहाणा समजून निर्धास्त बसतो आणि चित्रपट तिथेच संपतो. नगराध्यक्ष हुशार असेल, तर प्रेक्षकाला मध्येच जाणवतं की आपणही हेच केलं असतं. या प्रकारातलं खरं हसू तेच.

कुब्रिकचा अणुयुद्धावरचा उपहासपट 'डॉ. स्ट्रेंजलव्ह' (१९६४) फक्त यंत्रणेसाठी एकदा पाहा. त्यात प्रत्येक सुरक्षाव्यवस्था जशी आखली आहे तशीच चालते. वरचं नेतृत्व मारलं गेलं तरी प्रतिहल्ला करता यावा म्हणून खालच्या अधिकाऱ्याला आदेश द्यायची सोय ठेवलेली आहे, आणि एक माथेफिरू जनरल तीच वापरतो. शत्रूने खोटे संदेश पाठवू नयेत म्हणून विमानातलं यंत्र तीन अक्षरी संकेताशिवाय काही ऐकत नाही. क्षेपणास्त्र जवळ फुटून संपर्कयंत्रणा मोडते, आणि माघारीचा खरा आदेशही त्या एका विमानापर्यंत पोचत नाही. रशियाने प्रलययंत्र बसवलंय, म्हणजे अणुहल्ला झाला की आपोआप जग संपवणारं यंत्र. त्याची दहशत बसायची तर ते असल्याचं सांगायला हवं, पण घोषणा सोमवारी व्हायची आहे. त्या जनरलचा सोडला तर यातला एकही निर्णय वेडेपणाचा नाही, सगळे एकत्र आले की मात्र जग संपतं. त्याच वर्षी, त्याच स्टुडिओने, जवळपास त्याच कल्पनेवरचा 'फेल सेफ' हा गंभीर चित्रपट प्रदर्शित केला. दोन्ही लागोपाठ पाहिले की एकच घटना दोन सुरांत कशी लिहिली जाते ते समोर येतं. कुब्रिकनेही सुरुवात गंभीर पटकथेनेच केली होती. हास्यास्पद म्हणून बाजूला काढलेले प्रसंगच सर्वांत खरे आहेत, हे लक्षात आल्यावर त्याने सूर बदलला.

तुमच्या कागदावर हे असं उतरवा. प्रत्येक पात्रासाठी दोन ओळी: आज पाऊल उचललं तर याचं काय जाईल, आणि थांबला तर काय जाईल. नगराध्यक्षाने जलाशय खाली करायला सांगितलं, तर उन्हाळ्यात पाणीटंचाई पक्की. धरण फुटणं मात्र 'कदाचित'. कार्यकारी अभियंत्याने गेल्या वर्षीच्या सुरक्षा अहवालावर सही केली आहे, त्यामुळे त्याला धरणाआधी स्वतःची सही बदलावी लागेल. वृत्तपत्राच्या संपादकाकडे सुवर्णमहोत्सवी पुरवणीच्या जाहिराती आल्या आहेत. पहिल्या ओळीतलं नुकसान नक्की आणि उद्याचं, दुसऱ्या ओळीतलं मोठं पण धूसर. ज्या पात्राच्या दोन ओळी अशा जमत नाहीत ते काढून टाका. 'देऊळ'मध्ये (२०११) इस्पितळाचा आराखडा तयार असलेल्या गावात मंदिर उभं राहतं, आणि तिथेही प्रत्येकाची बाजू त्याच्यापुरती बरोबरच वाटत राहते.

आता मधली चाळीस पानं. तीच ती वाटतात, कारण उत्तर दर वेळी 'नाही' असंच येतंय. उत्तर बदलत ठेवा, संकट तेच राहू द्या. 'डोन्ट लुक अप'मध्ये (२०२१) पृथ्वीवर धूमकेतू आदळणार असतो, आणि राष्ट्राध्यक्षांच्या भूमिकेला तीन वळणं आहेत. निवडणूक तीन आठवड्यांवर असते, म्हणून आधी 'थांबू आणि अंदाज घेऊ'. मग त्या स्वतः एका भानगडीत सापडतात, लोकांचं लक्ष वळवायला काहीतरी हवं असतं, म्हणून मोहीम धूमधडाक्यात निघते. मग धूमकेतूत मौल्यवान खनिजं असल्याचं एका देणगीदार उद्योगपतीला कळतं आणि उडालेली यानं अर्ध्या वाटेतून परत फिरतात. धूमकेतू तसूभरही बदललेला नाही.

माझा आराखडा: दहाव्या पानापर्यंत प्रेक्षकाला धोका पूर्ण कळलेला असावा, त्यात रहस्य ठेवू नका. पंचविसाव्या पानाला साफ नकार. पस्तिसाव्याला समिती, तीही खऱ्या तज्ज्ञांची. पंचेचाळिसाव्या पानावर बाईंना जिंकू द्या. सगळे मान्य करतात, पण चुकीच्या कारणासाठी: दुरुस्ती जाहीर केली की मंत्र्यांकडून निधी मिळणार असतो. पंचावन्नला दुरुस्ती होते आणि ती नेमकी उलटी पडते. पासष्टनंतर धरण मजबूत मानणारे आणि न मानणारे असे दोन तट पडतात, आणि पाण्याकडे बघणं कुणी करतच नाही. मध्यावरचा विजय सर्वांत महत्त्वाचा. तो नसेल तर उतार सरळ आणि कंटाळवाणा होतो.

'डोन्ट लुक अप'ची उणीवही सांगतो. १३८ मिनिटांत राजकारण, दूरचित्रवाणी, समाजमाध्यमं, उद्योगपती, गायिका, लष्कर असे सगळेच निशाणे घेतलेत. काही पात्रं केवळ हास्यास्पद राहतात. तुमच्या नव्वद पानांत तीन संस्था पुरे.

---

सांडवा

तांत्रिक भागाबद्दल लिहितो. हा भाग बरोबर असेल तर विनोद आपोआप निघतो, असं माझं ठाम मत आहे.

मातीच्या धरणातून पाझर हा असायचाच. भरावातून थोडं पाणी झिरपतं, गाळणी थरातून येतं, पायथ्याच्या चरात गोळा होतं. त्यामुळे 'धरण गळतंय' यात काहीच बातमी नाही, आणि कार्यकारी अभियंता 'प्रत्येक धरण झिरपतं' म्हणाला तर तो शंभर टक्के खरं बोलतोय. धोका दोन खुणांनी कळतो. जलाशयाची पातळी तीच असताना पाझर वाढणं ही एक. पाणी गढूळ होणं ही दुसरी आणि जास्त गंभीर. गढूळ पाणी म्हणजे आतली माती वाहून येतेय. बाहेरच्या तोंडापासून आत आत पोकळी खात जाते आणि जलाशयापर्यंत नळीसारखी वाट तयार होते. याला पाइपिंग म्हणतात. ती वाट एकदा जलाशयाला भिडली की प्रश्न काही तासांचाच असतो.

पाझर मोजतात व्ही-नॉचने. चराच्या तोंडाशी पत्र्याची आडवी पाटी, तिला इंग्रजी व्ही आकाराची खाच, आणि खाचेच्या तळापासून पाण्याची उंची मोजायची पट्टी. नव्वद अंशांच्या खाचेसाठी सूत्र साधारण असं: प्रवाह = १.३८ गुणिले उंचीचा अडीचवा घात, उंची मीटरमध्ये, प्रवाह घनमीटर प्रतिसेकंद. आता आकडे घाला. उंची १० सेंटीमीटर असेल तर सेकंदाला सुमारे ४.४ लिटर. उंची २० सेंटीमीटर झाली की सुमारे २४.७ लिटर. पट्टीवर आकडा दुप्पट, पाणी साडेपाच पटींहून जास्त. बैठकीत सगळ्यांसमोर पट्टीचे आकडे असतील, 'दहाचे वीस झाले' यावर तासभर चर्चा होईल, आणि फक्त बाईंना माहीत असेल की हे दुप्पट नाही. हा प्रसंग मी तुमच्या जागी पटकथेच्या मध्यभागी ठेवला असता.

दुरुस्ती उलटी कशी पडते, तेही खरं आहे. गढूळ पाणी बाहेर पडतंय तिथे सिमेंट थापून तोंड बंद केलं की बाहेरून कोरडं दिसतं, महोत्सवाला साजेसं. पण आतला पाण्याचा दाब वाढतो आणि पाणी दुसरीकडून वाट काढतं. योग्य उपाय उलट्या गाळणीचा: पाणी येतंय त्या जागेवर आधी वाळू, त्यावर बारीक खडी, त्यावर मोठा दगड. पाण्याला जाऊ द्यायचं, मातीला अडवायचं. आणि सोबत जलाशयाची पातळी उतरवायची. उलटी गाळणी दिसायला गबाळी असते आणि तिच्यातून पाणी येतच राहतं. व्यासपीठाशेजारी ती कुणालाच नको असणार.

मुदतीचं गणित तर लिहाच. समजा साठा २ कोटी घनमीटर आहे आणि तळाच्या विमोचकातून (पाणी सोडायच्या दारातून) सेकंदाला १५ घनमीटर पाणी सोडता येतं. दिवसाला सुमारे १३ लाख घनमीटर. वरून एक थेंबही आला नाही तरी पंधरा दिवसांहून जास्त लागतील. प्रत्यक्षात पातळी खाली येईल तसा विसर्गही घटतो, म्हणजे आणखी जास्त. पूर्ण रिकामं करायची गरज नसते, पण निम्मं करायलाही आठवडा हवा. म्हणून तुमच्या कथेतली खरी शेवटची तारीख धरण फुटण्याची नाही, ती त्याच्या आठ-दहा दिवस आधीच येऊन जाते. त्यानंतर सगळे शहाणे झाले तरी धरण वाचवता येत नाही, फक्त माणसं हलवता येतात. ती तारीख कुठल्या पानावर जाते ते ठरवा आणि त्या पानावर काहीतरी अगदी किरकोळ घडू द्या, आमंत्रणपत्रिकेतल्या नावांच्या क्रमावरून वाद असं काही.

आणखी एक. पातळी झपाट्याने उतरवली तर जलाशयाकडचा भिजलेला उतार घसरू शकतो, हेही शास्त्रानुसार बरोबर आहे. म्हणजे काहीच न करणाऱ्याच्या हाती एक खरा तांत्रिक युक्तिवाद आहे. 'घाई धोक्याची' असं तो म्हणेल आणि त्याला खोडणं सोपं नसेल. बाईंचं उत्तर असं हवं: रोज ठरावीक सेंटीमीटरच उतरवू, पण आजपासून.

वेग समजायला अमेरिकेतल्या आयडाहोचं टीटन धरण घ्या. ५ जून १९७६. सकाळी गढूळ गळती दिसली, ते भोक बुजवायला बुलडोझर पाठवले, ते त्या खड्ड्यातच गेले, आणि ११ वाजून ५५ मिनिटांनी माथा कोसळला. अकरा माणसं गेली. ते धरण तर पहिल्यांदाच भरत होतं. म्हणून तुमचं कालमान असं ठेवा: पाझर वाढतो तो आठवड्यांत, गढूळपणा येतो दिवसांत, शेवटचा टप्पा तासांत.

दुर्लक्षाची गोष्ट म्हणून इटलीतलं वायोंट वाचा. ९ ऑक्टोबर १९६३ रोजी जलाशयात डोंगराचा कडा घसरला, लाट धरणावरून गेली आणि सुमारे २,००० माणसं मेली. डोंगर हलतोय हे आधीपासून माहीत होतं. धोक्याबद्दल लिहिणाऱ्या तिना मेर्लिन या पत्रकार बाईंवर खोट्या बातम्यांनी घबराट पसरवल्याचा खटला भरला गेला होता. त्या निर्दोष सुटल्या, तरी काही हललं नाही. धरण स्वतः मात्र आजही जागेवर उभं आहे.

---

तिसरी_घंटा

दोघांचेही मनापासून आभार. व्ही-नॉचचा प्रसंग आणि सिमेंटचा, दोन्ही घेते आहे. आता प्रश्न बाईंचाच आहे. त्या सतत बरोबर असतात, त्यामुळे त्यांचं पात्र सपाट होतंय. शिवाय अडीचवा घात संवादात कसा आणायचा? सूत्र म्हटलं की प्रेक्षक गळतो.

---

विंगेतून

घात आणूच नका. दोन बादल्या आणा. पट्टीवर दहा असताना दहा लिटरची बादली किती सेकंदांत भरते? ४.४ लिटरच्या हिशेबाने सव्वादोन सेकंद. वीस असताना? अर्ध्या सेकंदाच्याही आत. बाई शिपायाला खाचेखाली बादली धरायला सांगते आणि ती त्याच्या हातातून निसटते. एकही आकडा न बोलता कळलं. मग बैठकीत ती हेच शब्दांत सांगायला जाते आणि जमत नाही.

कारण तिचा दोष तिथे हवा. तज्ज्ञ खरं बोलतो, पण ज्या भाषेत बोलतो त्या भाषेत त्याचं म्हणणं नाकारणं सोपं असतं. 'शक्यता नाकारता येत नाही' हे अभियंत्याच्या तोंडी धोक्याची घंटा असतं, आणि नगराध्यक्षाच्या कानी 'म्हणजे नक्की नाही' असं पडतं. 'डोन्ट लुक अप'मध्ये शास्त्रज्ञ ९९.७८ टक्के म्हणतो, आणि राष्ट्राध्यक्ष तो आकडा सत्तरवर आणून पुढच्या विषयाकडे वळू पाहतात. तुमच्या बाईंचा इशारा तीन वेळा वेगवेगळा लिहा: पहिला अतिसावध आणि लेखी, दुसरा अचूक पण आकड्यांनी लदलेला, तिसरा रडवेला आणि पूर्ण खरा. पहिल्याला पोच मिळते. दुसऱ्यावर चर्चा होते. तिसरा कुणीतरी मोबाइलवर टिपतो आणि शहरभर फिरतो, आणि त्यानंतर त्या काय म्हणाल्या यापेक्षा कशा म्हणाल्या याचीच चर्चा उरते.

इथे मला कात्री_डिंक यांच्याशी थोडं असहमत व्हायचंय. त्या चित्रपटात निशाणे जास्त आहेत हे मान्य. पण तो केवळ मूर्खांच्या जोरावर चालतो असं वाटायला नको. प्राध्यापक मिंडी स्वतःच वाहवत जातो: दूरचित्रवाणीवर लोकप्रिय होतो, सरकारच्या बाजूने बोलू लागतो, आतून बदल घडवतोय अशी स्वतःची समजूत घालतो. धोका ज्याने हिशेब करून सिद्ध केला तोच काही काळ त्याकडे बघणं सोडतो. चित्रपटातलं सर्वांत धारदार निरीक्षण हेच आहे, आणि ते कुणाच्या टिंगलीतून आलेलं नाही. बाईंना असा मोह द्या. पंचेचाळिसाव्या पानावरच्या विजयात त्यांना 'धरण सुरक्षा सल्लागार' असं पद मिळू द्या, महोत्सवाच्या व्यासपीठावर खुर्चीही. दहा पानं त्या गप्प बसतात, कारण आत राहून काम होईल असं त्यांना खरंच वाटतं. सिमेंट थापायच्या आदेशावर त्यांचीही सही असू द्या.

या सगळ्याचा मूळ साचा इब्सेनच्या 'अॅन एनिमी ऑफ द पीपल' (१८८२) या नाटकात आहे. गावाच्या उत्पन्नाचा आधार असलेल्या स्नानगृहांचं पाणी दूषित आहे हे डॉक्टर दाखवतो, आणि नगराध्यक्ष असलेला त्याचा सख्खा भाऊ ते दाबतो. सत्यजित राय यांनी 'गणशत्रू'मध्ये (१९८९) तोच साचा देवळाच्या तीर्थाला लावला. दोन्हीकडे विरोधक घरातलाच आहे, हे तुम्हाला उपयोगी पडेल. कार्यकारी अभियंता बाईंचा गुरू असू द्या, ज्याने तिला पहिल्यांदा नॉच वाचायला शिकवलं. मग त्याचं 'नाही' फक्त नोकरशाहीचं राहत नाही.

आणि एक पात्र असं ठेवा ज्याच्याकडे कुणीच बघत नाही, कॅमेराही फारसा नाही. 'पीपली लाइव्ह'मध्ये (२०१०) सगळी माध्यमं नत्था या शेतकऱ्याच्या जाहीर केलेल्या आत्महत्येभोवती घिरट्या घालतात, आणि होरी महतो हा गरीब गावकरी माती खणता खणता मरून जातो. त्या एका मरणाने सगळ्या गोंगाटाची किंमत कळते. तुमच्याकडे भरावाच्या पायथ्याशी शेळ्या चारणारं कुणी असेल. ओल कुठे सरकली ते त्याला सर्वांत आधी कळणार. त्याला इशारा वगैरे द्यायला लावू नका. तो फक्त शेळ्या वर हलवतो, एवढं दोनदा दिसू द्या.

---

कात्री_डिंक

मिंडीबद्दलचं म्हणणं पटलं, आणि सहीची कल्पना आराखड्यात बसते. फक्त बाईंची गप्प पानं दहापेक्षा जास्त नकोत, आणि सांडवा म्हणतात ती शेवटची तारीख त्याच दहा पानांत निघून जायला हवी. तसं झालं तर मध्य आणि दोष एकाच गाठीत येतात.

---

खर्जातला_सा

शेवट आणि खर्च याबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते. ध्वनीच्या बाजूने विचार केलात तर बरेच पैसे वाचतात.

पहिली युक्ती एकतर्फी फोनची. 'डॉ. स्ट्रेंजलव्ह'मध्ये अमेरिकेचा अध्यक्ष रशियाच्या पंतप्रधानाशी बोलतो, आणि पलीकडचा आवाज आपल्याला एकदाही ऐकू येत नाही. जग संपायची बातमी सांगताना तो समोरच्याची समजूत काढत राहतो. एक खोली, एक नट, एक फोन. मंत्रालय, मुख्य अभियंता, हवामान खातं, सगळे फोनच्या पलीकडे ठेवा. पात्रं वाचतात, आणि गैरसमज प्रेक्षक स्वतःच कल्पतो.

दुसरी युक्ती जागा बदलण्याची. 'शिन गॉडझिला'मध्ये (२०१६) जपानवर एक महाकाय प्राणी चालून येतो, आणि प्रत्येक टप्प्यावर बैठकीची खोली आणि समितीचं नाव बदलतं, माणसं जवळपास तीच. पडद्यावर नावं आणि हुद्दे झळकत राहतात, बोलण्याचा वेग भरधाव. प्राणी जमिनीवर येऊच शकत नाही असं पंतप्रधान पत्रकारांना सांगत असतानाच तो किनाऱ्यावर चढल्याची चिठ्ठी येते. नटांनी कुठेही विनोद केल्यासारखं वागायचं नाही, हे त्यातून शिका. तालमीत कुणी भुवया उडवल्या तर तिथेच थांबवा.

तिसरी गोष्ट पाण्याचा आवाज. व्ही-नॉचवरून पडणारं पाणी १० सेंटीमीटरला ठिबकत नाही, सलग धारेने पडतं, आणि २० ला त्याचा सूर खाली येऊन भरदार होतो. चार वेगवेगळ्या उंचींचे खरे आवाज ध्वनिमुद्रित करा आणि धरणावरच्या प्रत्येक प्रसंगात क्रमाने तेच वापरा. त्यावर पार्श्वसंगीत नको. सिमेंट थापल्यावरच्या प्रसंगात हा आवाज पूर्ण बंद असेल. प्रेक्षकाला आधी बरं वाटेल, आणि सांडवा यांनी सांगितलेलं दाबाचं कारण एकदा कळलेलं असेल तर लगेच भीतीही वाटेल.

शेवटाबद्दल: फुटताना दाखवा, पण धरण नका दाखवू. कुब्रिकने युद्धकक्षात क्रीमचे 'पाय' (pie हा गोड पदार्थ) एकमेकांवर फेकण्याचा मोठा प्रसंग चित्रित करून शेवटी कापून टाकला, कारण तो फार्सकडे झुकला होता आणि बाकी चित्रपटाच्या सुराशी जुळत नव्हता. भव्य विध्वंसाचंही तसंच होतं. चित्रपटभर माणसं पाहिलेली असतात आणि ऐन वेळी नजर संगणकावर बनवलेल्या पाण्याकडे जाते. 'डोन्ट लुक अप'मध्ये आदळणं आहेच, पण लक्षात राहतं ते शेवटचं एकत्र जेवण. तुमच्याकडे शहर वॉर्डावॉर्डाने बंद पडू शकतं: आधी धरणाजवळच्या उपकेंद्राची वीज, मग तिथले मोबाइल मनोरे, मग ध्वनिक्षेपकावरून आलेली अर्धवट सूचना. नियंत्रणकक्षातल्या भिंतीवरचा नकाशा आणि सहा-सात फोन एवढ्यात हे चित्रित होतं. फोन एकेक करून लागेनासे होतात. चार पानं, एक रात्र.

हा भाग विनोदी नको. शेवटची बारा-पंधरा पानं सूर पूर्ण बदलू द्या, आणि हसू परत आणायचा मोह टाळा.

---

तिसरी_घंटा

नियंत्रणकक्षाचा शेवट फार आवडला. सांडवा, एक शंका: शेवटच्या तासांत बाई नॉचची पट्टी वाचते आहे आणि आकडा झपाट्याने वाढतोय, असं दाखवलं तर चालेल?

---

सांडवा

नाही चालणार. खाचेतून पाणी मोकळं पडत असेल तेव्हाच मोजमाप खरं असतं. पायथ्याशी पाणी साचलं आणि खालची पातळी खाचेच्या तळापर्यंत चढली की नॉच बुडते, आणि पट्टीवर काहीही दिसलं तरी सूत्र लागू होत नाही. शेवटच्या तासांत तर ती पाटीच जागेवर राहणार नाही. त्या वेळी बघायच्या गोष्टी वेगळ्या: भोकाचा घेर, पाण्याचा रंग, माथ्यावर खचलेली जागा, आणि भोकाच्या वर जलाशयात भोवरा दिसतोय का. भोवरा दिसला की वाट आरपार झालेली असते आणि भरावावर कुणी थांबायचं नसतं.

याचा वापर असा करा. नियंत्रणकक्षातला अधिकारी फोनवर अजूनही पट्टीचा आकडा मागतोय, कारण त्याच्या तक्त्यात तेवढा एकच रकाना आहे. बाई भोवऱ्याबद्दल सांगतेय. भोवऱ्यासाठी रकाना नाही, म्हणून तो पुन्हा आकडा विचारतो. दोघंही आपापलं काम चोख करताहेत. हा प्रसंग पाऊण पानाच्या वर जाऊ देऊ नका, आणि शहर रिकामं करायचा आदेश त्या फोननंतर नाही, आधीच निघालेला ठेवा. नाहीतर सगळा दोष त्या एका अधिकाऱ्यावर जाईल.